पाचाडच्या आऊसाहेब

महाड सोडून रायगडाकडे निघालेली गाडी वळणे घेत पाचाडला पोचते, तेव्हा आत बसलेल्या बहुतेकांचे डोळे वर लागलेले असतात. गड दिसू लागलेला असतो, पुढे हिरकणीवाडीत रोपवेला रांग किती असेल याची चिंता असते. गावात एका जुन्या तटाची चौकट उभी आहे. आत गवत, दगडी जोती, पायऱ्यांची विहीर. जवळच एक समाधी. तेवढ्यात गाडी पुढे गेलेली असते.

स्वराज्याची राजधानी वर होती, समुद्रसपाटीपासून पावणेतीन हजार फुटांच्या आसपास. शिवाजीराजांचा महाल वर, राण्यांचे वाडे वर, अष्टप्रधान वर, बाजारपेठ वर. राजांची आई मात्र खाली, पाचाडच्या या तटात राहत होती. का, असे विचारले तर गावातले कोणीही सांगेल, की गडावरचा वारा आणि गारठा आऊसाहेबांना सोसत नव्हता, म्हणून राजांनी त्यांच्यासाठी खाली वाडा बांधला. रायगडावर पावसाळ्यात एक रात्र काढलेल्याला हे कारण पटायला वेळ लागणार नाही. पण सत्तरी ओलांडलेली ही स्त्री कुठून, काय काय पाहून इथवर आली, हे कळल्याशिवाय त्या वाड्याचा अर्थ लागत नाही.

आऊसाहेबांचे, म्हणजे जिजाबाईंचे, माहेर इथून फार दूर, उत्तरेकडच्या पठारावर. सिंदखेड, आजच्या बुलढाणा जिल्ह्यातले सिंदखेडराजा. वडील लखुजी जाधवराव हे निजामशाहीतले मातब्बर सरदार, आई म्हाळसाबाई. परंपरेने जन्मतारीख १२ जानेवारी १५९८ मानली जाते. वेरूळच्या मालोजी भोसल्यांचे चिरंजीव शहाजी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. या लग्नाची रंगपंचमीची गोष्ट बखरींनी रंगवून सांगितली आहे, आणि आपण तीच ऐकत मोठे झालो. त्यापुढची गोष्ट कमी सांगितली जाते, कारण ती रंगीत नाही.

त्या काळी दख्खनेत मराठा सरदाराने तलवार गाजवायची ती कोणत्या ना कोणत्या शाहीसाठी. अहमदनगरची निजामशाही मलिक अंबरच्या खांद्यावर तग धरून होती, उत्तरेकडून मोगल रेटत होते, दक्षिणेला विजापूरची आदिलशाही टपलेली होती. सरदार बाजू बदलत आणि त्यांच्या घरांतून उभी चीर जाई. ‘शिवभारता’त कवींद्र परमानंदाने एक प्रसंग दिला आहे. निजामशाही दरबार सुटताना खंडागळे सरदाराचा हत्ती बिथरला. त्याला आवरण्यावरून जाधव आणि भोसले एकमेकांवर तुटून पडले. जिजाबाईंचे भाऊ दत्ताजी त्यात मारले गेले आणि शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजीही. पुढे लखुजी मोगलांकडे गेले. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला लढाई झाली, तेव्हा जिजाबाईंचा नवरा निजामशाहीकडून लढत होता आणि वडील समोरच्या फौजेत होते. शहाजीराजांचे सख्खे भाऊ शरीफजी त्या लढाईत पडले. घरात सुतक कोणाचे धरायचे, असा प्रश्न पडावा असे ते दिवस.

लखुजी नंतर निजामशाहीत परतले. २५ जुलै १६२९ रोजी त्यांना देवगिरीच्या किल्ल्यावर दरबारात बोलावून कापून काढण्यात आले. सोबत अचलोजी आणि राघोजी हे मुलगे होते, यशवंतराव हा नातू होता. एका दिवसात माहेरच्या तीन पिढ्या गेल्या. जिजाबाईंच्या पोटी तेव्हा गर्भ होता. सात महिनेही झाले नव्हते तोच, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला.

आईने मुलाला रामायण-महाभारताच्या गोष्टी सांगितल्या आणि त्यातून स्वराज्य उभे राहिले, असे आपल्याला शाळेत शिकवले. गोष्टी सांगितल्या असतीलच. पण या बाईला परकी सत्ता म्हणजे काय हे कळायला पुराणात जाण्याची गरज नव्हती. चाकरी कितीही इमानाने केली तरी शेवट दरबारातल्या खंजिराने होऊ शकतो, हे तिच्या बापाच्या रक्ताने तिला दाखवले होते.

त्यानंतरची वर्षे दुष्काळाची. १६३० ते १६३२ या काळात गुजरातपासून दख्खनपर्यंत पाऊस फिरकला नाही. देहूच्या तुकोबांचे दुकान बुडाले आणि थोरली पत्नी अन्नावाचून गेली ती याच दुष्काळात. त्याच सुमारास विजापूरच्या मुरार जगदेवाने पुणे जाळले आणि गाढवाचा नांगर फिरवला. शहाजीराजे निजामशाही वाचवण्यासाठी अखेरपर्यंत झगडले. १६३६ मध्ये ती बुडाली, तेव्हा त्यांना आदिलशाहीची चाकरी पत्करून कर्नाटकात जावे लागले. पुण्याची जहागीर मात्र त्यांच्याकडे राहिली.

इथून पुढे नवराबायकोचे संसार वेगळे झाले. थोरला मुलगा संभाजी वडिलांकडे, धाकटा शिवाजी आईकडे. मधली काही वर्षे मायलेक बेंगळुरूला जाऊन राहिले, पण १६४२च्या आसपास परतले ते कायमचेच. शहाजीराजांचा दुसरा संसार तिकडे तुकाबाईंबरोबर होता, मुलगा एकोजी होता. जिजाबाईंच्या वाट्याला आले ते जळके पुणे. कसबा गणपतीची स्थापना त्यांनी केली, सोन्याचा फाळ लावून जमीन नांगरली, असे परंपरा सांगते. फाळ सोन्याचा होता की लोखंडाचा यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ओसाड गावात रयत परत आणायची तर आधी भीती घालवावी लागते. सारा सुरुवातीला नाममात्र ठेवून वर्षावर्षाने वाढवण्याचे कौल दिले गेले, माजलेले लांडगे मारणाऱ्या मावळ्यांना बक्षिसे दिली गेली. दादोजी कोंडदेव कारभार पाहत होते, वरची नजर जिजाबाईंची होती. दादोजी १६४७ मध्ये वारले. तेव्हा राजे सतरा वर्षांचे होते.

या काळातले आणि पुढचेही जिजाबाईंचे कागद उपलब्ध आहेत. त्यांच्या नावाने गेलेली पत्रे, वतनाच्या तंट्यांत घातलेले लक्ष, देवस्थानांच्या आणि ब्राह्मणांच्या इनामांची चालवणूक. असल्या कागदांत रोमांचक काही नसते. कोणाची जमीन कोणी दाबली, पाटीलकी कोणाची, इनाम मागील शिरस्त्याने चालवावे की नाही, असला मजकूर. पण राज्य चालते ते यावरच. तलवारीने मुलूख मिळतो, तो टिकतो तो असल्या निवाड्यांनी. राजे मोहिमेवर आणि आई घरी, या वाक्यातला उत्तरार्ध आपण फार भाबडेपणाने वाचतो.

दुःखे पाठ सोडत नव्हती. १६४८ मध्ये शहाजीराजांना जिंजीजवळ कैद झाली, तेव्हा नवऱ्याचा जीव आणि मुलाचे धाडस एकाच तागडीत पडले. राजांनी कोंढाणा परत देऊन वडिलांना सोडवले. त्यानंतर काही वर्षांनी थोरला संभाजी कर्नाटकात कनकगिरीच्या वेढ्यात मारला गेला. या मृत्यूमागे अफजलखानाची फूस होती, असे मराठी परंपरा मानते. म्हणून १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली खान पडला, तेव्हा जिजाबाईंना काय वाटले असेल याचा अंदाज बांधायला इतिहासकाराची गरज नाही. दोनच महिन्यांपूर्वी त्यांची सून सईबाई राजगडावर वारली होती. तिचा दोन वर्षांचा संभाजी आता आजीच्या हाती आला होता. साठी उलटलेल्या या बाईने दुसऱ्यांदा एक राजपुत्र वाढवायला घेतला.

पुढच्याच वर्षी राजे पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले आणि इकडे शायिस्ताखान पुण्यात, खुद्द लाल महालात येऊन बसला. मुलाला सोडवायला जिजाबाई स्वतःच निघायला सिद्ध झाल्या आणि नेताजी पालकराने त्यांना थांबवले, असे परमानंद लिहितो. परमानंद कवी होता, तो रंग भरणारच. पण राजांच्या हयातीतच, त्यांच्याच आश्रयाने लिहिणाऱ्या माणसाला राजमातेचे हे चित्र अस्थानी वाटले नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

२३ जानेवारी १६६४ रोजी कर्नाटकात होदिगेरे इथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे वारले. सुरतेची लूट घेऊन परतलेल्या राजांना पाठोपाठ ही बातमी कळली. जिजाबाई सती जायला निघाल्या आणि राजांनी त्यांच्या मांडीवर बसून, गळ्यात मिठी मारून त्यांना परावृत्त केले, असे बखरी सांगतात. तपशील बखरीचा आहे, पण त्यांनी सहगमन केले नाही ही वस्तुस्थिती आहे. पतीच्या मृत्यूनंतरची ही दहा वर्षे त्यांच्या आयुष्यातून वजा केली तर काय उरले असते, याचा विचार पुढच्या घटना वाचताना करावा.

पुढच्या जानेवारीत, १६६५ सालच्या सूर्यग्रहणाला, राजांनी महाबळेश्वरी आईची सुवर्णतुला केली. वृद्ध सोनोपंत डबीर यांचीही केली. ज्या महाबळेश्वराच्या डोंगरात सावित्री उगम पावते तिथे ही तुला झाली. तीच सावित्री पोलादपूर आणि महाडवरून खाडीला मिळते. जिजाबाईंचे आयुष्यही आता याच उताराने कोकणाकडे येत होते.

त्याच वर्षी मिर्झाराजा जयसिंग पुरंदरावर चालून आला. महाडकडचे मुरारबाजी देशपांडे तिथे पडले. जूनमध्ये तह झाला आणि तेवीस किल्ले गेले. मार्च १६६६ मध्ये राजे जवळपास नऊ वर्षांच्या संभाजीला घेऊन राजगडावरून आग्र्याला निघाले. मागे कारभार कोणाकडे, याचे उत्तर बखरकार सभासदाने दिले आहे. मातुश्री, आणि त्यांच्या हाताखाली मोरोपंत, निळोपंत वगैरे मंडळी. विचार करा, मुलगा आणि नातू दोघेही औरंगजेबाच्या पहाऱ्यात, परत येतील याची शाश्वती नाही, आणि वय अडुसष्ट. अशा वेळी निम्मे राज्य फुटायला हवे होते. एकही किल्ला फुटला नाही. उलट राजे आग्र्यात असतानाच, ऑगस्टमध्ये, आदिलशाहीकडून रांगणा किल्ला स्वराज्यात आला. राजे १७ ऑगस्टला निसटले आणि काही आठवड्यांनी राजगडी पोचले. बैराग्याच्या वेशातल्या मुलाने पाया पडावे आणि आईने त्याला ओळखावे, हा प्रसंग नाटककारांना फार आवडतो. मला त्याआधीचे महिने जास्त मोठे वाटतात. राजांना परतल्यावर राज्य नव्याने उभे करावे लागले नाही, ते चालू स्थितीत त्यांच्या हाती परत मिळाले.

नंतर सिंहगड, म्हणजेच कोंढाणा. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे तिथे पडले. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात या मोहिमेची सुरुवातच जिजाबाईंपासून होते. त्यांच्या नजरेला कोंढाणा पडतो, त्या मुलाला बोलावून घेतात, सोंगट्यांचा डाव मांडतात, जिंकतात आणि किल्ला मागतात. हा पोवाडा ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये छापलेल्या संग्रहातून घरोघर पोचला. त्यातला तपशील इतिहास म्हणून टिकत नाही, पण लोकांच्या मनात मोहिमा आखण्याचा अधिकार आईला होता, एवढे तरी त्यावरून कळते. तानाजीचे गाव उमरठ, पोलादपूर तालुक्यातले. मढे घाटाने देह खाली आणला गेला, असे लोक सांगतात. समाधी उमरठलाच आहे. मुलाचे लग्न टाकून गेलेला तानाजी ज्या वाटेने परतला, त्याच डोंगरांच्या कुशीत एकदोन वर्षांत राजधानी आली.

रायरीचा डोंगर जावळीच्या मोऱ्यांकडून १६५६ मध्येच हाती आला होता. राजगड भक्कम होता, पण अपुरा पडू लागला होता, आणि मोगलांच्या वाटेत होता. रायगड सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटा, काळ आणि गांधारी नद्यांच्या खोऱ्यांत उभा, आणि महाडची खाडी, म्हणजे समुद्रावरचा व्यापार, हाकेच्या अंतरावर. हिरोजी इंदुलकरांनी वर इमारती उठवल्या. आणि खाली पाचाडला कोट बांधला गेला.

आता पाचाडच्या वाड्याकडे पाहा. नुसता विसाव्याचा वाडा असता तर भोवती एवढा तट लागला नसता. गडावर जाणारा माणूस, धान्य, तोफेचे सामान, वकील, फिर्यादी, सगळे पाचाडवरून जाणार. गडाचा उंबरठाच तो. तिथे राजांची आई राहत होती. वाड्याच्या आवारातल्या विहिरीला लोक तक्क्याची विहीर म्हणतात, कारण तिच्या काठावर टेकून बसण्याजोगा दगडी तक्क्या आहे. आऊसाहेब तिथे बसत आणि पाण्याला आलेल्या बायाबापड्यांची विचारपूस करीत, अशी आठवण गावाने जपली आहे. कागदाचा पुरावा नसलेली ही आठवण मी सोडून द्यायला तयार नाही. गड चढून राजाकडे दाद मागणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांना खाली विहिरीवर गाठता येईल अशी एक व्यक्ती होती, हे गावकऱ्यांनी लक्षात ठेवले आहे आणि ते त्या व्यक्तीच्या आयुष्यभराच्या कागदांशी जुळते.

१६७४ चे साल अपशकुनी उगवले. फेब्रुवारीत नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर पडले. मार्चमध्ये राणी काशीबाई वारल्या. तरी राज्याभिषेकाची तयारी थांबली नाही. काशीचे गागाभट्ट आले. मे महिन्यात मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन पाचाडला पोचला, तर राजे प्रतापगडच्या भवानीच्या दर्शनाला गेलेले. त्याला काही दिवस पाचाडलाच थांबावे लागले. त्याच्या रोजनिशीत तुला, सिंहासन, हिऱ्याची अंगठी, तहाची कलमे हे सगळे आहे. राजांची तुला सुमारे सोळा हजार होनांची झाली, असे त्याने टिपले आहे. ज्या गावात तो मुक्कामाला होता त्याच गावात या साऱ्याचे मूळ राहत होते, याची मात्र त्याच्या लिखाणात चाहूल नाही. व्यापारी कंपनीच्या माणसाला तिथे खरेदी-विक्रीचे काही दिसले नसावे.

ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. ६ जून १६७४. गडावर राजे सिंहासनावर बसले. ज्या मुलीच्या बापाला एका सुलतानाच्या दरबारात मारले गेले होते, तिने शहात्तराव्या वर्षी स्वतःच्या मुलाचा दरबार पाहिला. पुढे काय झाले, ते शकावलीने एका ओळीत नोंदवले आहे. ज्येष्ठ वद्य नवमी, बुधवारी मध्यरात्री, पाचाडला जिजाबाईंचे निधन झाले. १७ जून. राज्याभिषेकाचा दिवस धरून बारावा दिवस. या तारखा जुन्या युरोपीय कॅलेंडरच्या आहेत. आजच्या हिशेबाने त्यात दहा दिवस मिळवायचे, म्हणजे तो जूनचा अखेरचा आठवडा. महाडच्या माणसाला त्या दिवसांतला पाऊस वेगळा सांगावा लागत नाही.

या मृत्यूचे पडसाद राज्यावरही उमटले. निश्चलपुरी गोसावी या तांत्रिकाने राजांना पटवले, की गागाभट्टांच्या विधीत उणिवा राहिल्या, म्हणून ही अरिष्टे आली. मातुश्रींचे जाणे हे त्यातले सर्वांत मोठे. २४ सप्टेंबरला, ललिता पंचमीला, रायगडावर दुसरा, तांत्रिक राज्याभिषेक झाला. ‘शिवराज्याभिषेक कल्पतरू’ या ग्रंथात तो नोंदला गेला आहे. एका वृद्ध स्त्रीच्या मृत्यूनंतर राजाला पुन्हा अभिषेक करून घ्यावासा वाटला, यात श्रद्धा किती आणि राजकारण किती हे ज्याने त्याने ठरवावे.

आईनंतर राजे जेमतेम सहा वर्षे जगले. राणी सोयराबाई आणि युवराज संभाजी यांच्यातला तणाव, युवराजांचे १६७८ मध्ये दिलेरखानाकडे जाणे, १६८० नंतर प्रधानमंडळात पडलेली फूट, हे सगळे पाचाडचा वाडा रिकामा झाल्यानंतरचे. आऊसाहेब असत्या तर हे टळले असते, असे विधान इतिहासात करू नये. पण ज्या नातवाला त्यांनी आईविना वाढवले, तो त्यांच्या पश्चात चारच वर्षांत घर सोडून गेला, एवढे तरी शेजारी शेजारी ठेवून पाहायला हरकत नाही. त्या घरात सर्वांना ऐकावा लागेल असा दुसरा आवाज उरला नव्हता.

१६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला, संभाजीराजांच्या पत्नी येसूबाई आणि मुलगा बाल शाहू कैद झाले. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी तो तोफांनी भाजून काढला. नंतर वर गवत आणि खाली विस्मरण. राजांच्या समाधीच्या दुर्दशेवर १८८० च्या दशकात जेम्स डग्लस या इंग्रजाने लिहिले, आणि १८९५ मध्ये टिळकांनी तिच्या जीर्णोद्धारासाठी चळवळ उभी केली. पाचाडच्या समाधीसाठी त्या वेळी असा गलबला झाला नाही.

आज १२ जानेवारीला सिंदखेडराजाला लाखोंची गर्दी लोटते, ते योग्यच आहे. ६ जूनला आणि तिथीने ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला रायगडावर पाय ठेवायला जागा नसते. ज्येष्ठ वद्य नवमीला पाचाडला पुण्यतिथी होते, त्या मानाने थोडक्या लोकांत. पुढच्या खेपेला गडावर जाणार असाल तर तास-दीड तास आधी निघा, रोपवेच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी पाचाडला उतरा, समाधीला हात जोडा आणि मग तटाच्या आत जाऊन ती तक्क्याची विहीर नीट पाहा. तिच्यात काही टाकू मात्र नका.